देवाचा दिवा बॅटरीत धरत नाहीत

त्या वर्षी आमच्या घरात दोन आजारी होते. एक आमचे हे आणि दुसरी ह्यांची गाडी. ह्यांच्याकडे बघायला डॉक्टर होते, नर्सबाई होत्या, लेक होती. गाडीकडे बघायला मी. मला गाडीतलं काय कळतं, असं कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगायला गेले तेव्हा ऐकायला कुणी थांबलं नाही.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. निवृत्त झाल्यावर लोक कुंडीत मिरच्या लावतात, देवळात जाऊन बसतात. हे तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात वायरिंग तपासत होते. ह्यांनी एक जुनी पंधरा सीटची व्हॅन आणली, सीट उपटून फेकल्या आणि दोन वर्षं खपून तिचं घर केलं. दोन बिछाने, घडीचं टेबल, ओटा, ओट्याखाली पाण्याची टाकी, एवढासा फ्रिज, छताला पंखा. आमचं घर चेन्नईत, अड्यारला. मी म्हटलं, "अहो, अड्यारचं घर काय वाईट आहे?" तर म्हणाले, "ते हलत नाही."

ह्यांचं घराणं तंजावरचं. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून दक्षिणेत आले, ते परत जायचं विसरले. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांचं मराठी ऐकून वाटायचं, कुणीतरी पणजोबांचं पत्र तमिळ चालीवर वाचून दाखवतंय. मूळ गाव कुठलं ते ह्यांना ठाऊक नाही, म्हणून माझ्या गावावर डोळा. चेन्नईहून साताऱ्याला स्वतःच्या घरात बसून जायचं, ह्या एका वेडापायी ती व्हॅन बांधली. माहेरी फोनवर मी सांगायचे, "जावई तीनशे वर्षांनी परत निघालेत. पण पोळ्या आत्ताच टाकू नका."

त्यातच ह्यांचा एक शब्द आहे, तमिळ. इरुक्कट्टुम. म्हणजे राहू दे, असू दे. नळ गळतोय, प्लंबरला बोलवा. इरुक्कट्टुम. चहा निवला, गरम करून आणू? इरुक्कट्टुम. माझ्या मावसबहिणीच्या मुलाच्या लग्नाला जायचं की नाही? इरुक्कट्टुम. एकतीस वर्षांत ह्या एका शब्दाने माझा जेवढा जीव खाल्ला, तेवढा सासूबाईंनीही खाल्ला नाही, आणि त्यांची भूक काही कमी नव्हती.

गाडी एकदाच लांब गेली, तंजावरपर्यंत. मग जून महिन्यात ह्यांच्या छातीत दुखलं, तपासण्या झाल्या, तीन ठिकाणी अडकलंय म्हणाले. बायपास ठरली. लेक आयटीत आहे. तमिळ आणि इंग्रजीत तिचं सगळं आयुष्य चालतं, माझ्याशी भांडायचं असलं की मराठीत येते. ती हॉस्पिटलच्या खोलीतच म्हणाली, "अप्पा, ती व्हॅन आता विकायची. तुम्ही ती चालवणार, जॅक लावणार, टाकी उचलणार. मला ते नको." हे म्हणाले, गाडीला काही झालेलं नाही. ती म्हणाली, चेन्नईबाहेर समुद्राकाठी कोवलमला घेतलेल्या शेडमध्ये उभी राहून राहून ती मरणारच आहे, त्याआधी कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. हे म्हणाले, "गाडी उभी राहिली म्हणून मरत नाही. बॅटरी मेली की मरते."

तासभर वाद चालला. शेवटी पैज लागली. इकडे आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी प्रत्येक गाडी धुऊन, चंदन-कुंकू लावून, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवतात आणि गाडी पुढे घेऊन ती चिरडतात. ठरलं असं की त्या दिवशी व्हॅन स्वतःच्या जोरावर चार लिंबं चिरडेल. चिरडली तर ठेवायची, नाही तर विकायची. लेकीने अटी घातल्या. नवी बॅटरी आणायची नाही, मेकॅनिक बोलवायचा नाही, घराबाहेरच्या कुणाचा हात लागता कामा नये. आणि तोपर्यंत अप्पांनी शेडकडे फिरकायचं नाही, कारण गेले की पान्हा हातात घेणार. बाप तसाच, तर लेक त्याच्यावर ताण.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्याच सकाळी छाती उघडायच्या कागदावर ह्यांनी एक प्रश्न न विचारता सही केली होती, आणि गाडीसाठी तासभर भांडले होते. मला स्पष्ट दिसलं. व्हॅन गेली तर हा माणूस अड्यारच्या खिडकीत बसेल आणि गोळ्यांपुरता उठेल. ऑपरेशनची भीती वाटत होतीच, पण त्या खिडकीची मला जास्त वाटली.

तर घराबाहेरचा हात नको, ह्यांना बंदी, लेक विरुद्ध पक्षात. उरलं कोण? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ना, तसं ते घोडं माझ्या दारात आलं.

ऑपरेशनच्या आधी ह्यांनी खाटेवर बसून माझी शिकवणी घेतली. गाडीत दोन बॅटऱ्या. पुढची, ड्रायव्हरच्या सीटखाली, ती इंजिन चालू करते. मागची ओट्याखाली, ती फ्रिज, पंखा आणि मागचे दिवे चालवते. मी तिला स्वयंपाकघराची बॅटरी म्हणते. पुढचीजवळ एक लाल चावी आहे. ती फिरवली की सगळी गाडी झोपते, घड्याळसुद्धा. तरीही बॅटरी नुसती पडून पडून स्वतःच उतरत जाते, म्हणून दर पंधरा दिवसांनी मीटर लावून आकडा बघायचा, चार तास चार्जरला लावायची, झाकणं उघडून पाण्याची पातळी बघायची, कमी असलं तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. कांड्यांवर, म्हणजे वायरी जोडायच्या टोकांवर, पांढरी हिरवी भुकटी जमली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून व्हॅसलीन लावायचं.

"पिण्याचं गाळलेलं पाणी चालेल?" मी विचारलं.

"नाही."

"उकळून गार केलेलं?"

"तिला ताप आलेला नाही," हे म्हणाले. "आणि निघताना सगळं बंद. सगळं म्हणजे सगळं. एक दिवासुद्धा नको."

मी हो म्हटलं. आता इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. गाडीत पुढे, आरशाच्या खाली, एक छोटा देव्हारा आहे. त्यात बोटाएवढा पितळेचा गणपती आणि समोर बारीकसा विजेचा दिवा. तंजावरच्या वाटेवर पहिल्या मुक्कामी ह्यांनी लाल चावी फिरवली तसा तोही गेला. मी म्हटलं, घरात माणसं असताना देव अंधारात बसवायचे ही कुठली रीत? सकाळी उठून बघते तर ह्यांनी त्या दिव्याची वायर लाल चावीच्या अलीकडून थेट बॅटरीला जोडलेली, आणि त्याला शेंगदाण्याएवढं वेगळं बटण.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मी पहिल्यांदा एकटी गेले. अड्यारहून ईस्ट कोस्ट रोडची बस. पिशवीत मीटर, डिस्टिल्ड वॉटरची बाटली, भांडी घासायचे रबरी हातमोजे, ढोकळा करून उरलेला सोडा आणि दहीभाताचा डबा. शेड होड्या दुरुस्त करायच्या जागेच्या मागे आहे. शेडची मालकीण बाहेर सुकट वाळत घालते. त्या वासाने गाडीचे पडदे इतके भारले होते, की गाडी विकली तरी गिऱ्हाईक मासे पकडणाराच मिळाला असता.

मीटर लावला. बारा पॉइंट सात. फोनवर सांगितलं, ह्यांनी वहीत लिहून घेतलं आणि "शाबास" म्हणाले. एकतीस वर्षं माझ्या पुरणपोळीला शाबास म्हणाले नव्हते. चार्जिंग झालं, पाणी बघितलं, लाल चावी फिरवली, निघाले. आणि दारात पाय अडला.

मंगळवारी ऑपरेशन होतं. मागे वळले, गणपतीसमोर उभी राहिले आणि ते शेंगदाण्याएवढं बटण दाबलं. म्हटलं, बाबा, हे स्वतः येऊन हा दिवा शांत करतील. तोपर्यंत हा जळू दे, आणि त्यांना इथवर आण. मी रडले. कुणी बघत नव्हतं म्हणून चांगली रडले. मग डोळे पुसले आणि ह्यांना फोन केला.

"सगळं बंद केलंस?"

"हो, सगळं."

मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलंच नाही. देवाचा दिवा काही दिव्यांत धरत नाहीत. आमच्या घरी वीजबिल जास्त आलं की आई पंख्यावर ओरडायची, गिझरवर ओरडायची, देवघरातल्या बल्बचं नाव कुणी काढत नसे. आणि तो दिवा तरी केवढा? काजव्याने डोळे मिटावेत एवढा. तो काय खाणार?

ऑपरेशन नीट झालं. हे घरी आले, उशी छातीशी धरून खोकायला शिकले, गॅलरीत दहा पावलं, मग वीस. पंधरा दिवसांनी मी कोवलमला गेले. मीटर म्हणाला, बारा पॉइंट तीन.

फोनवर ह्यांचा आवाज पडला. "परत बघ." परत बघितलं. "कांड्या पूस." पुसल्या. "मीटरची टोकं उलटी तर नाही धरलीस?" मी म्हटलं, मी सरळ बाई आहे, उलटं काही धरत नाही. मग म्हणाले, "आतले दिवे?" मी म्हटलं, बंद आहेत. मागचे बंदच होते. त्या दिवशी साडेचार तास चार्जिंग केलं आणि येताना दिव्याला नमस्कार करून आले.

पुढच्या पंधरवड्यालाही तेच. बारा पॉइंट तीन. मी वाट बघत होते की आता उलटतपासणी होईल. पण फोनवर वहीच्या पानावर पेन फिरल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "खारी हवा. समुद्राजवळ असंच होतं. आता दर आठवड्याला जा."

"दर आठवड्याला? मला गुडघे आहेत, चाकं नाहीत."

"मग इरुक्कट्टुम," हे म्हणाले. "जमेल तेव्हा जा."

हे ऐकल्यावर कोण बाई घरी बसेल? मी दर रविवारी जायला लागले. आकडा बारा पॉइंट पाचवर आला आणि तिथेच रेंगाळला. माझ्या तीन सुती साड्यांना बॅटरीच्या पाण्याने बारीक भोकं पडली. ती धुतल्यावर दिसतात, आधी नाही. मी खाऱ्या हवेला शिव्या घातल्या, बॅटरी बनवणाऱ्याला घातल्या, आणि लेकीला म्हटलं, तुझी दृष्ट लागली. ती म्हणाली, "आई, बॅटरी म्हातारी झालीय, एवढंच." सुकट वाळवणारी मालकीण मात्र खूश होती. म्हणाली, "अम्मा, तुमच्या पिळ्ळैयारचा दिवा रात्रभर पडद्यातून दिसतो. कुत्रीसुद्धा ह्या बाजूला येत नाहीत." पिळ्ळैयार म्हणजे इकडचा गणपती. मला मेलीला त्याचा अभिमान वाटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मला चिकनगुनिया झाला. ज्यांना झालाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना झाला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पेला धरता येईना, तर मीटर कुठला धरते? तीन महिन्यांपूर्वी ज्यांची छाती शिवली होती ते हे माझ्यासाठी साराचा भात मऊ करून आणत आणि शेजारी बसून राहत. रविवार उलटला, दुसरा उलटला.

"अहो, गाडीचं काय?" मी विचारायचे.

"इरुक्कट्टुम."

मला वाटलं, ह्यांनी आशा सोडली. माझा जीव तुटला.

अंथरुणावर पडल्यापडल्या माणसाला नको ते सुचतं. एके दुपारी छताकडे बघत ह्यांची शिकवणी मनात घोळवत होते. सगळं म्हणजे सगळं. एक दिवासुद्धा नको. आणि मी दुखत्या अंगाने उठून बसले. अगं बाई, तो काजवा रात्रंदिवस खातोय. जूनपासून खातोय. आता तर चार्जरही नाही, म्हणजे नुसताच खातोय.

लेकीला जाऊन बटण बंद कर म्हणावं, तर नवसाचं काय? हे स्वतः येऊन शांत करतील असं मी बोलून बसले होते. मी शिकलेली बाई आहे, बीएस्सी आहे. दिव्याचा आणि ह्यांच्या हृदयाचा संबंध नाही हे मला कळतं. पण रोज संध्याकाळी हे वीस पावलांची पन्नास करत होते, आणि माझ्या मनात त्या पावलांखाली तो दिवा होता. ह्यांची गाडी की ह्यांचा जीव, असा हिशोब मी मांडून बसले, आणि गप्प राहिले. सांगते कशाला, चांगलं दडवून ठेवलं. चोराच्या मनात चांदणं, त्या दिवसांत हे नुसते माझ्याकडे बघून हसले तरी मला धडकी भरायची.

आयुधपूजेच्या दिवशी मी काठी टेकत का होईना, चालू लागले होते. लेकीने तिच्या गाडीतून आम्हाला कोवलमला नेलं. ह्यांच्या मांडीवर आकड्यांची वही, माझ्या मांडीवर चुरमुरे, डाळवं, चंदनाची वाटी आणि चार लिंबं. दुकानांपुढे दृष्ट काढून, कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्यांच्या लाल फोडी रस्त्यावर पडल्या होत्या आणि लेक त्या चुकवत चालवत होती.

शेडमध्ये ह्यांनी गाडीच्या नाकावरून हात फिरवला. लेकीने ती ओल्या फडक्याने पुसली, विरुद्ध पक्षाची असून. मी चंदन-कुंकू लावलं, आरती केली, चाकांखाली लिंबं ठेवली. ह्यांना चालवायची परवानगी नव्हती म्हणून लेक सीटवर बसली. लाल चावी उघडली. किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

पैज जिंकलेल्या माणसाचा चेहरा कसा असावा? लेकीचा तसा नव्हता. ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. समोर आरशाखाली तो दिवा मात्र जळत होता, पिवळट, मंद, पण जळत होता. इंजिन हलवायला बॅटरीत जोर नव्हता, त्याच्यापुरता होता.

मी गाडीच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. ऑपरेशनच्या आधीचा रविवार, नवस, फोनवर बोललेलं खोटं, अंथरुणात सुचलेलं आणि तरी दडवलेलं. म्हटलं, "तुमची गाडी मी घालवली. चार महिने राबून मीच घालवली." लेक मराठीत आली. "आई, तुला माहीत होतं? अप्पा रोज त्या वहीत डोकं घालून बसायचे, मी बघायचे, आणि तुला माहीत होतं?" हे दाराशी उभे होते, ते तोंड फिरवून होड्यांकडे बघू लागले.

ह्यांनी शेजारच्या सीटवर ठेवलेली वही लेकीने उचलली. बहुतेक कधीपासून आकडा उतरला ते मला दाखवून द्यायचं होतं. ती वही तमिळमध्ये आहे. हे मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ. मला तमिळ बोलता येतं, बाजारात भांडता येतं, वाचता मात्र येतं बसच्या पाट्यांपुरतं. म्हणून ती वही चार महिने घरात टेबलावर उघडी पडलेली असूनही मला बंदच होती.

लेक वाचायला लागली. "बारा पॉइंट सात, ओके. बारा पॉइंट तीन, क्वेश्चन मार्क." मग तिचा आवाज हळू झाला. "बारा पॉइंट तीन. विळक्कु."

विळक्कु म्हणजे दिवा. एवढं मला कळतं.

"पुढे?" मी म्हटलं.

"खाली गुणाकार केलाय. दिव्याला दिवसाला किती लागतं, आठवड्याला किती. त्याखाली लिहिलंय, दर आठवड्याला चार्ज केलं तर पुरेल." तिने पान उलटलं. "बारा पॉइंट पाच. इरुक्कट्टुम. पुढच्या रविवारी बारा पॉइंट पाच. इरुक्कट्टुम. मग परत तेच. मग तारखा नुसत्या आहेत, आकडा नाही. तेव्हा तू आजारी होतीस." तिने पानावरून बोट खाली नेलं. "प्रत्येक तारखेपुढे तेच लिहिलंय, आई."

मी ह्यांच्याकडे बघितलं. अजून होड्याच बघत होते. जन्मात होड्या पाहिल्या नसल्यासारखे.

"अहो," मी म्हटलं, "एक शब्द बोलला असतात तर मी बंद केला असता."

"म्हणूनच बोललो नाही," हे म्हणाले.

मग लेकीने नाक पुसलं, वही मिटली आणि कोरड्या आवाजात विचारलं, "अप्पा, किचनची बॅटरी किती आहे?"

हे वळले. मीटर माझ्या पिशवीत होता. मीच लावला, बोटं दुखत होती तरी. बारा पॉइंट सहा.

"ती गाडीचीच आहे," लेक म्हणाली. "नवी नाही. बाहेरची नाही. केबल कुठेय?"

आपल्या पैजेतली पळवाट तिनेच काढली, आम्ही नाही. लांब केबल ह्यांनी बिछान्याखालून काढून दिली. लेकीने मागच्या बॅटरीपासून पुढचीपर्यंत ती ओढली, हे खुर्चीवर बसून लाल कुठे, काळी कुठे ते सांगत राहिले, आणि पान्ह्याला हात लावला नाही. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. त्या पंधरा मिनिटांत हे उठले, गाडीत चढले, देव्हाऱ्यापुढे उभे राहिले. मी पायरीवरून बघत होते. ह्यांनी हात जोडले, मग बोटाने ते शेंगदाण्याएवढं बटण दाबलं. दिवा शांत झाला.

लेकीने किल्ली फिरवली. गाडी दोनदा कण्हली, खोकली आणि चालू झाली. लिंबं चारीच्या चारी फुटली. मालकीण पदराला हात पुसत बघायला आली आणि चुरमुरे घेऊन गेली. लेक म्हणाली, "साताऱ्याला मी चालवणार. अप्पा बाजूला बसणार. मागची टाकी मी उचलणार." हे म्हणाले, बरं.

निघताना सवयीने ह्यांनी वही उघडली, खिशातलं पेन काढलं. मी म्हटलं, आणा इकडे. बोटं नीट वळत नव्हती, अक्षर लहान मुलासारखं आलं, पण त्या तमिळ पानावर, सगळ्या इरुक्कट्टुमच्या खाली, मी मराठीत लिहिलं: आज दिवा शांत केला. ह्यांनी, स्वतः येऊन.